तीन-नव्वदवाल्या नेलीबाई

नेली ओलास्कोआगा यांनी सान होसेच्या चौकातल्या दुकानात बावीस वर्षं लोकांचे आकडे लावून घेतले. किनियेलाचे. त्या खेळात शून्यापासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला एक अर्थ असतो, आणि पडलेलं स्वप्न घेऊन लोक सकाळीच खिडकीशी हजर होत. त्यामुळे कोणाच्या स्वप्नात सासू येते आणि कोणाच्या शेजारीण, हे नेलीबाईंना पाद्र्याच्या आधी कळायचं. दुकान बंद झालं तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. घरी बसून मफलर विणतील असा सगळ्यांचा अंदाज. बाईंनी प्रोग्रामिंगच्या वर्गात नाव घातलं. गावाने नाकं मुरडली, बाईंनी परीक्षा दिली.

पुढे त्या सात जणांच्या सहकारी संस्थेत शिरल्या. संस्थेचं नाव 'गळती', आणि छप्पर बघता ते खोटं नव्हतं. त्यांनी बनवलेला प्रोग्राम गोठ्यातल्या दुधाच्या टाकीवर नजर ठेवतो. दूध तापायला लागलं की मालकाच्या फोनवर बोंब ठोकतो. फुकट मिळतो, कोणीही वापरावा. तीनशे गोठे वापरतात.

प्रोग्राम लिहायला सगळे पुढे, पण नव्या आवृत्तीला नंबर द्यायचा म्हटलं की सगळ्यांना काहीतरी आठवायचं. मग नेलीबाईच बारशाच्या आत्या झाल्या. वहीत नंबर लिहायचा, तारीख टाकायची, एकदा दिलेला नंबर पुन्हा कोणाला द्यायचा नाही. अकरा वर्षं त्यांनी हे केलं, आणि त्यात करण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंही नाही.

मग आली मोठी आवृत्ती. चार. ती अर्धीकच्ची असतानाच अकरा गोठ्यांवर चाचणीला द्यायची होती. आता या कच्च्या मालाला नंबर काय द्यायचा?

राजधानी माँतेविदेओहून पदवी घेऊन परतलेला, संस्थेतलाच फाब्रिसिओ लारोसा म्हणाला, सरळ आहे, '४.०-चाचणी'. नाव वाचूनच कळतं. नेलीबाई म्हणाल्या, ३.९०. पुढची सुधारलेली ३.९१, मग ३.९२, असं एकेक पायरी चढत जायचं. काम पुरं झालं की चार. चार सगळ्यांहून मोठा, म्हणजे जिथे कच्चा माल असेल तिथे पक्का आपोआप जाऊन बसेल.

फाब्रिसिओने विचारलं, नव्वदच का? बाईंनी सांगितलं, पक्क्या आवृत्त्या ३.१२ पर्यंतच गेल्यात. एकदम नव्वद दिसलं की आंधळ्यालाही कळेल, हे चारच्या उंबऱ्यावर उभं आहे. पण खरी अडचण टाकीवरच्या, प्रोग्राम जिच्यात चालतो त्या डबीची होती. डबी नंबर बघून ठरवते, नवं घ्यायचं की नाही. '४.०' च्या पुढे शेपूट दिसलं की ती त्याला चारपेक्षा मोठं समजते. मग खरा चार आला तरी म्हणणार, जा बाबा, मी तुझ्या पुढे आहे. आणि डबीचा तो भाग बदलायचा तर केबल घेऊन कच्च्या रस्त्याने गोठ्यावर जावं लागतं.

"डबी इतकी मूर्ख नसते, बाई," फाब्रिसिओ म्हणाला.

"बावीस वर्षं काउंटरवर काढलीत रे मी. मूर्ख किती असतं ते मला विचार."

मतदान झालं. चार विरुद्ध तीन, नेलीबाई जिंकल्या; पण एका अटीवर. चाचणीवाल्या गोठेवाल्यांनी हा नंबर मान्य करायचा. नाही केला तर '४.०-चाचणी', आणि वहीही फाब्रिसिओकडे.

गोठेवाल्यांचा म्होरक्या म्हातारा वॉशिंग्टन बेंतांकोर. रोज आकडा लावणारा. त्याने नंबर ऐकला आणि साफ नाही म्हणाला. किनियेलात नव्वद म्हणजे भीती. त्याचं बघून उरलेल्या दहांनीही माना हलवल्या.

नेलीबाईंनी बिस्किटांची पुडी घेतली, काखेत थर्मास मारला आणि त्याचा गोठा गाठला. माते, म्हणजे नळीने ओढायचा तिथला कडू चहा, ओतून त्याच्या हातात दिला.

"काका, काय अडलंय?"

"चार हजार लिटर दूध आहे माझ्या टाकीत. त्यात मी भीती सोडू?"

"कच्च्या मालाला भ्यायलाच हवं की. भीती असली म्हणजे तुम्ही दिवसातून दोनदा जाऊन काटा बघाल. निर्धास्त चाचणीवाला माझ्या काय कामाचा?"

म्हाताऱ्याने नळीतून एक घोट ओढला. एक्क्याण्णव म्हणजे संडास, ब्याण्णव डॉक्टर, त्र्याण्णव प्रेमवीर. इथवर त्याची हरकत नव्हती. पण चौऱ्याण्णव म्हणजे स्मशान. त्याने माते खाली ठेवला.

"तो गाळते," नेलीबाई म्हणाल्या.

"गाळता येतो?"

"वर कितीही उडी मारा. एक पाऊल खाली उतरलात की मेलात."

वॉशिंग्टन हो म्हणाला तशी रांगेने सगळ्यांनी मान डोलावली. स्वप्नाच्या खेळासाठी नंबर गाळल्याचं ऐकून फाब्रिसिओने कपाळावर हात मारला. आणि आपलंच खरं हे दाखवायला त्याने गुपचूप स्वतःच्या मामाच्या, रुबेनच्या गोठ्यावर '४.०-चाचणी' बसवली. अकरांतला एक.

चाचणीचे महिने मजेत गेले. ३.९१ मध्ये टाकीवरून येणारे आकडे खरोखरच तुंबले, आणि त्यावर गोठेवाल्यांनी जे विनोद केले ते लिहिण्यासारखे नाहीत. ब्याण्णवने तुंबलेलं मोकळं केलं. शहाण्णव म्हणजे नवरा. ती आवृत्ती काहीच करायची नाही, पण कोणाला त्रासही द्यायची नाही. यावर नेलीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचा नवरा शेजारीच बसला होता.

डिसेंबरातल्या, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या एका शनिवारी, सकाळीच, दूधवाल्यांच्या क्लबात पडदा लावून चार सोडायचं ठरलं. पडद्यावर अकरा गोठ्यांची नावं आणि पुढे नंबर. नेलीबाईंनी बटण दाबलं. वॉशिंग्टनचा नंबर बदलला: ४.०. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. प्रत्येक वेळी सभागृहात टाळी. दहा झाले.

अकरावा हलेना. पाच मिनिटं गेली. कोणीतरी म्हणालं, फसलं वाटतं बाईंचं. नेलीबाईंनी चष्मा चढवला, पडद्याजवळ गेल्या आणि शेपूट वाचलं.

"हा नंबर माझ्या वहीत नाही," त्या म्हणाल्या. "रुबेन, हा तुमच्याकडे कोणी बसवला?"

रुबेन उठला. "भाच्याने. म्हणाला, मामा, तुझी सगळ्यात पुढची आहे."

"पुढचीच आहे. डबीचंही तेच म्हणणं पडलं."

सभागृह असं हसलं की बाहेर बांधलेली घोडी कान टवकारून बघू लागली. रुबेन मात्र हसला नाही. त्या पहिल्यावहिल्या कच्च्या मालात बोंब ठोकायची सोयच बंद होती, आणि हे त्याला आत्ता कळत होतं. फाब्रिसिओने मुकाट्याने केबल उचलली. अडतीस किलोमीटर कच्चा रस्ता, टळटळीत ऊन, आणि शेजारच्या सीटवर मामा. मामा वाटेत काय बोलला ते फाब्रिसिओने कधी कोणाला सांगितलं नाही, पण मामाने सगळ्यांना सांगितलं.

तासाभराने पडद्यावर अकरावा नंबर बदलला. क्लबाने नेलीबाईंना खुर्चीसकट उचललं. वॉशिंग्टनने खुर्चीचा एक पाय धरला होता, म्हणून सगळे जरा जपून होते.

फाब्रिसिओ धुळीने भुवयांपर्यंत पांढरा होऊन परतला, तो थेट बाईंसमोर उभा राहिला. म्हणाला, नियम लेखी करूया, मीच लिहितो. त्याने तिथेच टेबलाशी बसून लिहिला: कच्च्या आवृत्तीचा नंबर येणाऱ्या पक्क्याहून नेहमी लहान, मध्ये गाळला तरी चालेल, मागे जायचं नाही. मग उठून वाचायला लागला.

"मोठ्याने वाच," खुर्चीतून नेलीबाई म्हणाल्या. "वॉशिंग्टनकाकांना कमी ऐकू येतं."

त्याने पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला तेव्हा स्वतः वॉशिंग्टननेच सांगितलं, अरे, मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.