आमची जोडी तिसरी येईल

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे, माफ करा.

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, आदल्या दिवशी मी आलेल्या बैलजोड्या पाहून घरी सांगितलं, "पहिली कळमन्याची, दुसरी हिंगण्याची, तिसरी आपली."

दीर हसले. "काहून वं वहिनी, आपल्याच जोडीले तिसरी करून राहिली?"

"डावा बैल हलगीले बिचकते. पण तिसऱ्यालेही बक्षीस असते."

"मंग तूच हाक. मी नाही बसत."

प्रवेशाचे पैसे मी भावाकडून उसने आणले होते. एरवी चारचौघांत मान वर न करणारी मी, पदर खोचून छकड्यावर बसले. लोक हसले, हसू दिलं. डावा बिचकलाच. आम्ही तिसरे आलो.

बक्षिसातून भावाचे सगळे पैसे त्याच संध्याकाळी फेडले.