थर्माकोल म्हणायचं नाही

कारखान्यातल्या माझ्या पहिल्याच दिवशी अण्णांनी मला एक नियम सांगितला. "पिंके, गिऱ्हाईकासमोर थर्माकोल हा शब्द काढायचा नाही. का, कशाला, असलं काही विचारायचं नाही."

अण्णा म्हणजे माझे चुलते. तामलवाडीच्या शिवारात, हायवेला लागून त्यांची पत्र्याची शेड आहे. सोलापूरच्या दुकानांतून फ्रीज-टीव्हीच्या पॅकिंगचा जुना थर्माकोल आणायचा, मशीनमध्ये त्याचा भुगा करायचा, तो सिमेंटच्या मालात कालवून साच्यात ओतायचा आणि भिंतींचे तयार पॅनेल काढायचे, हा आमचा धंदा. पॅनेल हलकं, स्वस्त आणि ऊन आत न घेणारं. मी सिव्हिल इंजिनिअर. कागदावर कारखान्याची इंजिनिअर, शेडमध्ये मात्र पिंकी! आणि ज्या वस्तूवर सगळा कारखाना उभा, तिचंच नाव घ्यायचं नाही. एक शब्द असा रोज गिळायला लावला की वर्षभरात किस्स्यांचा ढीग साचतो. आमच्या भुग्याच्या ढिगाएवढा.

*

आमच्याकडं येणारा प्रत्येक माणूस आधी भिंत वाजवतो. कलिंगड वाजवावं तसं. मग कान लावतो. मग चेहरा असा करतो की जणू भिंत आजारी आहे.

लोहाऱ्याकडचे नाना पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनीही तेच केलं. नाना त्यांच्या वस्तीतले मोठे. पंधरा घरकुलं कशानं बांधायची हे त्यांच्या हो-नाहीवर ठरणार होतं. ती ऑर्डर मिळाली तर कारखाना चालणार, नाहीतर दिवाळीला शेडला कुलूप. हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

नानांनी सॅम्पल खोलीची भिंत तीन ठिकाणी वाजवली. "आत काय हाय?"

"मटेरियल," अण्णा म्हणाले.

"कसलं?"

"खास!"

नाना "बरं" म्हणाले, चहा पिऊन गेले. हुसेन मिस्त्री, म्हणजे आमचे सगळ्यात जुने गवंडी, पॅनेल जोडता जोडता म्हणाले, "अण्णा, मिठाईवाला बी लाडवात काय हाय ते सांगतो की हो!"

*

साच्यावर काम करणाऱ्या पारूबाईंनाही नियम लागू होता. तुळजापूरच्या एका गिऱ्हाइकानं त्यांना गाठून विचारलं, आत काय भरता? पारूबाईंनी शब्द टाळला आणि इमानदारीत सांगितलं, "पांढरं पांढरं दाणं असत्यात. ज्वारीवाणी."

तो माणूस तडक अण्णांकडं. "अहो, मग उंदीर लागतील की!"

अण्णा अर्धा तास त्याला पटवत होते, की उंदीर लागणार नाहीत. का लागणार नाहीत ते मात्र सांगता येईना! शेवटी त्यानं विचारलं, "औषध मारलंय का?"

"व्हय," अण्णा घाम पुसत म्हणाले.

गिऱ्हाईक हात जोडून उठलं. "मग तर नकोच. घरात ल्हान लेकरं हायेत."

*

एप्रिलमधली गोष्ट. भुग्याचं मशीन चालू होतं आणि वावटळ उठली. शेडची एक बाजू तेव्हा उघडीच होती. अर्ध्या मिनिटात ढिगाचा वरचा थर उडाला आणि शेजारच्या टोमॅटोच्या रानात जाऊन पडला. रानाचे मालक घरी जेवायला गेलेले. परत येऊन बघतात तर सगळं रान पांढरं!

त्यांनी आधी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. गारपीट! मग भावकीला फोन. मग पंचनाम्याची चौकशी. मग बांधावर येऊन अण्णांना हाक. "तुमच्याकडं पडली का हो?"

"हितं न्हाय पडली," अण्णा म्हणाले. डोक्यावर ऊन असं की चपलेचं रबर मऊ पडावं.

तासाभरानं ते पुन्हा बांधावर. आता आवाज जरा वेगळा. "अण्णा, ओ अण्णा! लई येगळी गार हाय ही. दोन वाजलं तरी वितळंना!"

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे, अण्णांसकट, त्यांच्या रानात वाकून गारा वेचत होतो. दुसऱ्या दिवशी मी शेडला बारीक जाळी लावून घेतली. अण्णा म्हणाले, फुकटचा खर्च.

*

अण्णांच्या मुलीच्या लग्नात स्टेजमागं मोठं डेकोरेशन होतं. सोनेरी अक्षरांत दोघांची नावं, भोवती मोर. सगळं थर्माकोलचं. लग्न उरकलं आणि सकाळी तो सगळा माल टेम्पोत घालून शेडवर आला. आमच्याकडं काहीच वाया जात नाही.

चार दिवसांनी नवे जावई कारखाना बघायला आले. नेमकं तेव्हाच मशीनच्या तोंडाशी "चि. अमो" एवढंच उरलं होतं. "ल" आत गेला होता.

जावयांनी आपल्याच नावाकडं बोट दाखवलं. "मामा, हे काय?"

अण्णांची जीभ सवयीनं वळली. "मटेरियल!"

*

अण्णांचं स्वतःचं घर दगड-विटांचं. "हे पॅनेल लोकांसाठी चांगलंय," असं ते म्हणतात, आणि त्यात काही चुकलं असं त्यांना वाटत नाही. पण मे महिन्यात दुपारी घरी पंख्याखाली भाजून निघायला होतं, म्हणून ते जेवले की सॅम्पल खोलीत जातात. क्वालिटी चेक करायला. बाज घेऊन!

एकदा एक गिऱ्हाईक भर दोन वाजता आलं. आतून घोरण्याचा आवाज. हुसेन मिस्त्रींनी त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं.

"साहेब चेकिंग करायलेत. भिंत किती गार राहते ते. दोन तास तरी लागतात."

त्या माणसानं जागच्या जागी ऑर्डर दिली. एका खोलीची का होईना.

*

नाना दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले. दरवेळी भिंत वाजवायची, "आत काय हाय?" विचारायचं, "मटेरियल" ऐकायचं आणि "बरं" म्हणून जायचं. चौथ्यांदा आले ते वस्तीतल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन. आम्ही सगळे सॅम्पल खोलीत बसलो. हुसेन मिस्त्री दारात उभे.

नाना म्हणाले, "हलकी भिंत पायजे, म्हणून तर इतक्या येळा आलो. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या टायमाला आमच्या घराची भिंत दोन हात रुंद व्हती. बाहेरून दगड, आतून दगड. मधी काय हाय ते बांधणाऱ्यानं कधी सांगितलं न्हाय, आमच्या बापानं कधी इचारलं न्हाय. मधी नुसती माती व्हती. ते आमाला भिंत अंगावर आल्यावर कळलं." एवढं ते अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. मग म्हणाले, "आत काय हाय ते लिहून द्या. या इंजिनिअर बाईच्या सहीनं. मग बाकीचं बोलू."

मला शेडमध्ये कुणी इंजिनिअर म्हटलं ते पहिल्यांदाच.

अण्णांनी लेटरहेड माझ्यापुढं सरकवलं. "लिही पिंके. संपूर्ण भरीव सिमेंट काँक्रीट."

मी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. "सिमेंट, वाळू, राख आणि जुन्या पॅकिंगचा थर्माकोल."

अण्णांचा चेहरा भिंतीसारखा राखाडी झाला. "खोड ते."

"नाही खोडणार."

"मग नवा कागद घे."

"नव्या कागदावरही हेच लिहीन."

"पिंके, पंधरा घरं हायेत! मोठी माणसं बसलीत हितं. तुला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं, विचारायचं नाही. त्यांनी विचारलंय, मी नाही. माझी सही हवी असेल तर थर्माकोलसकट मिळेल. ते नको असेल तर खाली तुमचं नाव घाला, मी या कागदाला हात लावणार नाही."

मी सही केली आणि कागद नानांपुढं ठेवला.

अण्णांनी लेटरहेडचा गठ्ठा आपल्याकडं ओढून घेतला. दारातले हुसेन मिस्त्री आत येऊन वाकून कागद वाचायला लागले. नानांचा हात सवयीनं भिंत वाजवायला वर गेला होता, तो त्यांनी न वाजवताच खाली आणून कागदावर टेकवला. "आता बाकीचं बोलू."