व्हर्नेलची रायफल

व्हर्नेल आमच्या मिझुरीतल्या शाळेत तीस वर्षं पोरांना जेवण रांधून निवृत्त झाली आणि तिने सात शेळ्या पाळल्या. कोल्ह्यांनी त्यातल्या दोन नेल्या, तेव्हा एकसष्टाव्या वर्षी ती आयुष्यातली पहिली बंदूक घ्यायला निघाली. नेमका तेव्हाच अमेरिकाभर बंदुका-गोळ्यांचा तुटवडा. दुकानात एकच सेमी-ऑटोमॅटिक रायफल उरली होती, ती तिने घेतली. गोळ्या मात्र नव्हत्या.

"मंगळवारी ट्रक येतो. लवकर या," दुकानदार म्हणाला.

मंगळवारी ती गेली, तर घडीच्या खुर्च्या टाकून म्हातारे आधीच रांगेत बसलेले. माणशी गोळ्यांची एकच पेटी. तिचा नंबर येईपर्यंत संपल्या. त्या म्हाताऱ्यांना मी चांगला ओळखतो. एकेकाच्या तळघरात लढाईला पुरेल एवढा साठा आहे.

"एवढ्या गोळ्यांचं करतोस काय रे?" तिने रांगेत पुढे बसलेल्या लायलला विचारलं.

"मिळत नाहीत ना, म्हणून घेऊन ठेवतो."

असे पाच मंगळवार गेले. कोल्हे आले की ती रिकामी रायफल खुर्चीवर ठेवायची आणि पातेलं बडवत सुटायची.

सहाव्या मंगळवारी ती पेटी घेऊन आली. मी आमच्या दोघांमधल्या कुंपणापाशीच होतो.

"मिळाल्या एकदाच्या," मी म्हटलं. "शेळ्या किती राहिल्या?"

तिच्यामागे गोठ्याचं दार सताड उघडं होतं, आत एकही शेळी नव्हती. तिने पेटी माझ्या हातात ठेवली.

"लायलला दे," ती म्हणाली. "त्याला कमी पडतायत."