सगळ्यांनी मिळून लिहिलेलं भूत

रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत मी दर रविवारी मुलांना मराठी शिकवायचो. म्हणजे मी मराठीत विचारायचो आणि मुलं हिंदीत उत्तर द्यायची. पुढे नव्या राजधानीत कचेऱ्या हलल्या, बरीच मराठी घरं तेलीबांध्याकडे राहायला गेली आणि वर्गात पोरांपेक्षा खुर्च्या जास्त झाल्या. अध्यक्षांनी मला बोलावून स्पष्टच सांगितलं, "संमेलनात पोट्टे मराठीत काही करून दाखवतीन तर खोली तुमची. नाही तर योगावाले केव्हाचे मागून राहिले."

मी पेटलो. इंटरनेटचं वेड नवंनवं होतं. एकच गोष्ट सगळ्यांपुढे उघडी ठेवायची, आणि ज्यानं त्यानं घरून, आईच्या मोबाईलवर, तिला आपलं वाक्य जोडायचं. पहिलं वाक्य मी लिहिलं: 'एका गावात एक गरीब पण प्रामाणिक मुलगा राहत होता.' पुढच्याच वाक्यात मुलांनी त्याला अभनपूरच्या बसखाली घातलं. मग त्याचं भूत झालं, आणि ते तेलीबांध्याच्या तलावावर गुपचुप, म्हणजे आपली पाणीपुरी, खायला आलं. पाणी तोंडातून आत आणि पोटातून बाहेर. ठेलेवाला म्हणाला, "भैया, पोछा कौन मारेगा?" मराठी मोडकी होती, पण पोरं रविवारची वाट न बघता लिहीत होती. मला वाटलं, जिंकलो.

जिंकलेला माणूस गप्प बसत नाही. मी कौतुकानं ती लिंक मंडळाच्या मोबाईल ग्रुपवर टाकली. बघणाऱ्यांना फक्त वाचू द्यायचं की लिहूही द्यायचं, असं मोबाईलनं मला विचारलं होतं. मी उदारपणे लिहू दिलं.

शनिवारपर्यंत रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी अपघातच रद्द केला. एका काकूंनी भुताचं स्वप्न करून टाकलं, ठेल्यावरचं खाणं बंद केलं आणि मुलाला घरची कोथिंबिरीची सांबारवडी वाढली, कृतीसकट. चिटणिसांनी मधेच संमेलनाला वेळेवर येण्याची विनंती घुसवली. गरीब पण प्रामाणिक मुलगा आता बारावीत पहिला आला होता.

रविवारी वर्गातली सगळ्यात मोठी पोट्टी मोबाईल धरून माझ्यापुढे उभी राहिली. "सर, हमारा भूत कहाँ गया?"

"अगं, मोठ्यांनी थोडं सुधारलं."

"उससे पूछा?"

"कोणाला?"

"भूत को."

मी काकांना फोन लावला. "काका, ते मुलांचं आहे हो."

"मंग आम्ही का मुलांचे वैरी आहो? मेलेला पोट्टा जिवंत केला, तर तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं, मास्तर?"

मास्तरनं फोन ठेवला. मी भूत परत लिहिलं, काकांनी ते परत पुसलं. संमेलन तोंडावर आलं तरी आमचं दोघांचं हेच. मुलांनी तिथे लिहिणं सोडलं, मग वर्गात येणंही सोडलं. खोली माझ्याच हातानं गेली, असं मी धरून चाललो.

संमेलनाच्या आदल्या दिवशी त्या पोट्टीनं एक लिंक पाठवली. गोष्ट नवी होती, भूत जुनंच. त्यानं नव्या राजधानीत स्वतःचा ठेला टाकला होता, कारण कचेऱ्या सुटल्यावर तिथे चिटपाखरू नसतं आणि भुतांना कोणी हटकत नाही. सगळं मराठीत, म्हणजे त्यांच्या मराठीत. मी सवयीनं एक शब्द दुरुस्त करायला गेलो, तर होईना. फोन केला.

"मला लिहिता येत नाहीये."

"हव सर. आपको सिर्फ पढ़ने का है."

"आणि काकांना?"

"उनको वो भी नहीं."

संमेलनात मुलांनी ती गोष्ट आळीपाळीनं वाचली. काका पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. भुतावर स्वतःच्याच ठेल्यात पोछा मारायची वेळ आली तेव्हा ते खुदकन हसले, आणि कोणी बघितलं का म्हणून मागे वळून पाहिलं. मी बघितलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर अध्यक्ष माझ्याजवळ आले. "खोली राहू द्या, मास्तर. फक्त तुम्ही आता मधात पडू नका."

म्हणजे एवढं करून दोषी मीच. खोलीची किल्ली तेवढी माझ्याकडे ठेवली, कारण रविवारी सकाळी उठून ती उघडायला दुसरं कोणी तयार नव्हतं.