सेनापतीचा नकार

सोमाजी रामटेक्यावर गावात कोणाचा राग नव्हता, कंटाळा मात्र सगळ्यांना होता. कोणी कोणाचं कौतुक करायला लागलं की हा बिडी विझवून एकच प्रश्न विचारायचा, "त्याले नाई म्हननारा कोन हाये?" लग्न जुळवायच्या बैठकीतही विचारायचा. अरे बाबा, पोराची शेती विचार, तब्येत विचार! पण नाही.

या खोडीची सुरुवात फौजेत झाली. एकाहत्तरच्या लढाईत तो पूर्वेकडच्या सरहद्दीवर होता. तिकडचं लष्करी राज्य गेलं, नवा देश झाला, आणि आपल्या नेत्यासाठी माणसं रस्त्यावर रडताना त्यानं डोळ्यांनी पाहिली. त्याचेही डोळे भरून आले होते. पुढे पेन्शन घेऊन तो सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात धान पेरू लागला, आणि एक दिवस रेडिओनं सांगितलं की त्या देशात आता एकच पक्ष राहणार. मग त्या नेत्याचाच खून झाला आणि पुन्हा लष्कर बसलं. तेव्हापासून सोमाजीचा कान रेडिओला चिकटला तो चिकटलाच. कुठल्या देशात सेनापती पडला, त्याच्या जागी लोकांचा लाडका कोण आला, ही खबर आमच्या गावाला तहसीलदाराच्या आधी मिळायची. "खुशी मनवा," तो म्हणायचा, "पन त्या लाडक्यावर नजर ठेवा."

आमच्या गावचा लाडका म्हणजे सरपंच वामनराव. त्याच्याआधी पाटलाचं राज्य होतं. ग्रामपंचायत त्याच्या ओसरीवर भरायची, बाकीच्यांनी अंगणात उभं राहून ऐकायचं. वामनराव त्याच्याविरुद्ध उभा राहिला तेव्हा घरोघर फिरला तो सोमाजी. मतपेटीनं पाटलाला घरी बसवलं. मग वामनरावानं हातपंप आणला, एसटीचा थांबा आणला. म्हाताऱ्या बायांना 'माय' म्हणून पाया पडायचा. माझी बाजाची पेटी उंदरांनी कुरतडली तर नागपूरहून नवी आणून दिली. मी गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, पेटी वाजवतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. खोटं कशाला बोलू, मला तो माणूस आवडायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा. शेजारच्या देशात जनरलचं अकरा वर्षांचं राज्य संपून खरं मतदान होत होतं. सोमाजीच्या रेडिओमुळे गावात तोच विषय, म्हणून दंडारीतही तेच कथानक घेतलं. सेनापतीचा पार्ट सोमाजीकडे आला, कारण खाकी कपडे आणि मिशा दोन्ही घरच्या. लोकांचा नेता वामनराव. दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायची हिंमतही कोणाला झाली नाही.

दुपारी पिंपळाखाली खेळ रंगला. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. शेवटच्या प्रवेशात सेनापतीला दोरखंडानं खांबाला बांधलं आणि नेत्यानं भाषण सुरू केलं. दोन वाक्यं कथेतली झाली, आणि तिसऱ्या वाक्याला वामनराव सरळ आमच्या गावात उतरला.

"माय-बापहो, पुढच्या महिन्यात आपली निवडनूक हाये. काऊन भांडाचं? भाऊ भावाचा दुश्मन होते. यंदा बिनविरोध. कोनीच फारम भराचा नाई, मी सांभाळतो सारं. मान्य असन त्यानं हात वर करा!"

रान उठावं तसे हात उठले. माझे हात पेटीवर होते, म्हणून तेवढे राहिले.

"नाई!" खांबाजवळून आवाज आला. "मले मान्य नाई. निवडनूक झालीच पायजे!"

लोक हसून लोटपोट झाले. सेनापतीला निवडणूक पाहिजे! कोणी शिट्टी मारली, कोणी म्हणालं, "बांधा रे अजून आवळून!" सोमाजी दोराला हिसके देत ओरडत होता आणि त्याचा प्रत्येक शब्द लोकांना पार्टातला वाटत होता. वामनराव मात्र हसला नव्हता. क्षणभरच. मग त्यानं खिशातून नोट काढली, सोमाजीच्या छातीवर पिनेनं टोचली आणि पुकारा केला, "सोमाजीभाऊच्या जबरदस्त पार्टाले माह्याकडून बक्षीस!"

बक्षीस आलं की पेटीवर सलामी धरायची, ही दंडारीची रीत. बोटांनी ती धरलीही. सोमाजीनं माझ्याकडे असं पाहिलं की सूर तिथंच तुटला.

तेवढ्यात बायांमधून त्याची बायको केसरबाई उठली. तरातरा येऊन तिनं आधी दोर सोडला, मग ती नोट काढून वामनरावाच्या हातात ठेवली. सोमाजीनं टोपी काढली, खाकी सदरा काढला, आणि बनियनवर उभा राहून शांतपणे म्हणाला, "आता मी सेनापती नाई. सोमाजी बोलून राह्यलो. पाटलाले आपन मतानं काढलं. ते मत बाबासाहेबानं देल्लं हाये, मी कोनाले आंदन देनार नाई."

आता कोणी हसलं नाही. टाळीही वाजली नाही.

"बसा भाऊ," वामनराव गोड आवाजात म्हणाला, "खेळ अडून राह्यला."

दुसऱ्या दिवशी सोमाजी सायकलवर सिंदेवाहीला गेला आणि आमच्या वॉर्डातून वामनरावाविरुद्ध अर्ज भरून आला. त्यानंतर त्याच्या घरी बसायला येणारे आटले. त्याच्या बांधावरून जाणारेही वळसा घालू लागले. कोणी मनाई केली नव्हती बरं का. वामनराव फक्त एवढंच विचारायचा, "का रे, तिकडं गेल्तास वाटते?" केसरबाई चिडून म्हणायची, "तुमाले काय गरज होती? घरातले दोन मतंच भेटतीन." सोमाजी म्हणायचा, "तं दोन दिसतीन ना!"

मतदान झालं, मोजणी झाली. वामनराव दणदणीत निवडून आला. सोमाजीला अकरा मतं पडली.

अकरा! घरातली दोन सोडली तर नऊ माणसं कोण? सोमाजीनं ते कोणाला विचारलं नाही, शोधलं नाही. हरलेला माणूस इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. मिरवणूक त्याच्या दारावरून गेली तेव्हा अंगणात उभा राहून गुलाल लावून घेतला त्यानं.

वामनरावाला मात्र तो गुलाल गोड लागला नाही. मिरवणुकीतच त्याची नजर एकेका तोंडावर थांबत होती. दुसऱ्या सकाळी तो माझ्या ओट्यावर आला. चहा घेतला, पेटीची चौकशी केली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "मास्तर, तुमी तं समद्यात बसता-उठता. ते बाकीचे नऊ कोन असतीन?"

आवाज तोच होता, माय-बाप म्हणणारा. मी नकळत उठून उभा राहिलो. पाटलाच्या अंगणात उभा राहायचो, तसाच.

त्या नऊ जणांत मी नव्हतो. माझं मत त्यालाच होतं, आणि तेवढं सांगितलं असतं तर तो हसून उठून गेला असता.

मी सांगितलं नाही.