चांदणीच्या बाटल्या

चांदणी आधी खोकल्याच्या औषधाची बाटली तोंडाला लावायची, मग लिपस्टिक. हिजड्याला नांदेडात कोणी खोली देत नव्हतं, म्हणून माझी शेजारची खोली मी दिली. संध्याकाळी ती हायवेवर धंद्याला उभी राहायची. एकदा विचारलं, "खोकला न्हाई तुला, मग कशाला ढोसतीस?"

"मौशे, शुद्धीत ऱ्हायलं की गिऱ्हाइकाचं तोंड दिसतंय. तू बघशील का तसली तोंडं?"

जीभ तिखट. माझ्या गुडघ्यांचं रडगाणं ऐकून म्हणायची, "तुझे गुडघे दे मला, माझी कंबर घे. बघू कोण आधी रडतंय." पण मला ताप आला तेव्हा चार दिवस तांदळाची पेज तिनंच पाजली.

मग तिला टीबी निघाला. दवाखान्यात बायकांमध्ये घेईनात आणि पुरुषांच्या वॉर्डात लोक साडी ओढून बघायचे. ती गोळ्या घेऊन घरी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बाटली सोडलीस तर जगशील.

त्या बाटल्या औषधाच्या दुकानाचा शेठ मागच्या दारानं विकायचा. आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो. चांदणीनं हात जोडले. "शेठ, मी पाया पडले तरी देऊ नका."

"न्हाई देत, जा," तो म्हणाला.

अठरा दिवस ती तडफडली, पण प्यायली नाही. एकोणिसाव्या दिवशी खरंच जाऊन त्याच्या पाया पडली आणि त्यानं दिली. मग रोज देत गेला. गोळ्या सुटल्या. दिवाळीआधी ती मेली.

पुढं शेठच्या नातवाचं बारसं निघालं. अशा घरी हिजडे आशीर्वाद द्यायला जातात. चांदणीची गुरू नजमाअम्मा चेल्यांना घेऊन गेली, मीही गेले. ढोलक वाजलं नाही, टाळी वाजली नाही. चांदणीच्या खाटेखालच्या रिकाम्या बाटल्या मी पोत्यात भरून नेल्या होत्या. पाहुण्यांसमोर उंबऱ्यावर ओतल्या.

शेठ गयावया करू लागला. "अम्मा, लेकराला शाप देऊ नका."

"बच्चे का क्या कसूर? उसकू लंबी उमर मिले," अम्मा म्हणाली. "तू सांग, चांदणीला काय जबान दिली होतीस?"

सून बाळाला घेऊन उभी होती. तिनंही सासऱ्याला तेच विचारलं.

लोक म्हणतात, म्हातारे, आता सोड. मी सोडत नाही. रोज दुपारी त्या मागच्या दारासमोर पोतं टाकून बसते. अजून तरी ते दार बाटली विकायला उघडलेलं नाही.