एसीचा नवतपा

मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते. उन्हाळ्यात तर माझं डोकं सकाळी नऊलाच तापतं, आणि मी शाळेत शिकवत असल्यामुळे मे महिन्यात सुट्टी असते, म्हणजे ते तापलेलं डोकं पूर्णवेळ घरच्यांच्या वाट्याला येतं. त्यात गोंदियाजवळच्या फुलचूरचं आमचं घर स्लॅबचं. दुपारी दोन वाजता त्या स्लॅबखाली भाकरीलासुद्धा कीव यावी असं माणूस भाजून निघतं.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, ते आधी कामठ्याला आमच्या गावच्या घरी एकटेच राहायचे. आदल्या वर्षी मेमध्ये त्यांना शेतावर ऊन लागलं. बांधावर पडलेले सापडले. चार दिवस सलाईनवर होते. डॉक्टरांनी सोडताना बजावलं, की पुढच्या उन्हाळ्यात यांना दुपारी थंड खोलीबाहेर काढायचं नाही. आम्ही त्यांना फुलचूरला घेऊन आलो आणि मी त्याच दिवशी ठरवलं, आता घरात एसी येणार.

अडचण एकच होती. आमच्या घरात कूलर होता आणि तो मामाजींचा होता. म्हणजे घेतला आम्ही, पण वेल्डिंगवाल्याच्या समोर दिवसभर बसून तो करवून घेतला त्यांनी. दरवर्षी होळी झाली की ते कामठ्याहून खास कूलरसाठी यायचे. टाकीला रंग द्यायचे, पंपाला तेल घालायचे, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायचे, मग चालू करून समोर उभे राहायचे आणि डोळे मिटून वास घ्यायचे. तो वास आला की त्यांच्या दृष्टीने उन्हाळ्याचा बंदोबस्त झाला.

एसीचं नाव काढल्यावर ते म्हणाले, ‘‘खोली बंद करून कोनी थंडं होते का? मानूस का आंबा होय, आढीत घालाले?’’

कूलरच्या घरात वाढलेल्या माणसाला हे पटणं कठीणच. कूलरचा पहिला नियम असा, की समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. आमच्याकडे जन्मापासून हेच शिकलेले. आणि इथे कुणीतरी सांगतंय की सगळं बंद करा.

मी हट्ट सोडला नाही. मामाजींनीही सोडला नाही. शेवटी ते म्हणाले, ‘‘आनत असाल त आना. मी नवतपाभर पाहीन. तुमच्या डब्यानं नवतपा काढला त राहीन इथं. नाही त मी आपला कामठ्याले जाईन.’’

मे सरता सरता जे नऊ दिवस सूर्य माणसाच्या जिवावर उठतो, तो नवतपा. त्यात जो टिकला तो टिकला.

हे ते नुसतं बोलले असते तर मी मनावर घेतलं नसतं. पण मामाजींचा शब्द म्हणजे भयंकर प्रकार आहे. एकदा कशावरून तरी ‘‘आजपासून चहा सोडला’’ म्हणाले. त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. कारण काय होतं ते आता त्यांनाही आठवत नाही, चहाचा वास आला की मान वळवून बघतात, पण घेत नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी आपली लोखंडी पेटी भरली आणि दाराजवळ आणून ठेवली. मी गुपचूप उघडून पाहिली. धोतरं होती, चष्म्याचं घर होतं आणि सगळ्यात खाली त्यांची गोधडी होती. मे महिन्यात गोधडी. म्हणजे गेले तर हिवाळ्यातही यायचे नव्हते. कामठ्याचं ते रिकामं घर, तो बांध आणि एकटे मामाजी माझ्या डोळ्यांपुढे आले आणि मला भीती वाटली.

एसी घ्यायला आम्ही तिघेही गोंदियाच्या बाजारात गेलो. माझा नवरा राईस मिलमध्ये मशिनवर आहे, त्यामुळे जगातली सगळी यंत्रं ही धान कुटायच्या यंत्राची लहानमोठी भावंडं आहेत असं तो धरून चालतो. त्याने दुकानदाराला पट्ट्याबद्दल विचारलं. दुकानदार म्हणाला, ‘‘भैया, इसमें पट्टा नहीं होता.’’ नवरा दुकानदाराकडे अशा नजरेने बघायला लागला, की हा माणूस काहीतरी लपवतोय. मामाजींनी दुकानातल्या चालू एसीपुढे बराच वेळ तळहात धरला आणि मग तो नाकाशी नेला.

‘‘वास नाही,’’ ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

नवतप्याच्या आदल्या दिवशी मेकॅनिक बसवायला आला. भिंतीला भोक पाडण्यात दुपार गेली. आतला डबा पलंगाच्या वर बसला. बाहेरचा मोठा डबा, पंखा असलेला, मेकॅनिकला मागच्या भिंतीवर उंच लावायचा होता. मामाजींनी त्याला अडवलं. मागच्या खिडकीखाली कूलर ठेवायची लोखंडी घोडी होती, तीही त्यांनीच करवून घेतलेली. डबा तिच्यावरच बसला पाहिजे असं त्यांचं म्हणणं.

‘‘चाचाजी, ऊपर लगाएँगे तो हवा अच्छी मिलेगी,’’ मेकॅनिक म्हणाला.

‘‘वर लावशील त मी पाहू कसा त्याले?’’

मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. डबा घोडीवर बसला आणि कूलर अंगणात जाऊन तोंड फिरवून उभा राहिला.

मग पूजा. नवऱ्याने हळदकुंकू घेऊन आतल्या डब्याकडे मोर्चा वळवला, तर मामाजी पुन्हा मध्ये. ‘‘तो त सावलीत बसून हाये. राबते कोन? बाहेरचा. पूजा त्याची करा.’’ आम्ही मागच्या बोळात जाऊन बाहेरच्या डब्याला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मामाजींनी त्याच्या पत्र्यावरून बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं. पण मी खोबरं वाटण्यात गुंतले होते.

त्या संध्याकाळी एसी असा काही चालला की आजूबाजूच्या चार बायका येऊन दीड तास हलल्या नाहीत. एक तर निवडायचे तांदूळ घेऊनच आली. मामाजी दाराशी खुर्ची टाकून बसले होते, अर्धे आत आणि अर्धे बाहेर. मी मनातल्या मनात त्यांची पेटी रिकामी करायलाही लागले होते.

दुसऱ्या दिवशी, नवतप्याच्या पहिल्या दुपारी, एसीने मान टाकली. चालू होता, हवा येत होती, पण ती हवा म्हणजे कुणीतरी जेवून सुस्कारा सोडावा तशी कोमट. मी मेकॅनिकला फोन केला. तो साडेपाचला आला, बटण दाबलं, आणि दहा मिनिटांत खोली गार.

‘‘भाभीजी, ये तो एकदम फर्स्ट क्लास चल रहा है.’’

नवतप्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दुपारी बारा ते चार मशीन मेल्यासारखं, आणि मेकॅनिक आला की ठणठणीत. शाळेत अशी मुलं असतात, हेडमास्तर वर्गात आले की पाढे म्हणणारी. मला मेकॅनिकपुढे खोटं पडल्यासारखं झालं. त्याने गॅस तपासला, स्टॅबिलायझर बदलून पाहिला. नवऱ्याने आठवड्याची दुपारपाळी असूनही मिलमधून फोनवर निदान केलं, की पट्टा सैल असणार. मी फोन ठेवून दिला.

शेजारणी यायच्या बंद झाल्या. एकीने जाता जाता ‘‘होते असं नवीन वस्तूत’’ असं म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दात आवळून हसले.

दर दुपारी मी मामाजींना आग्रहाने त्या खोलीत झोपवायची आणि खाली चटई टाकून स्वतः पडायची. दर दुपारी उकडून माझा डोळा लागायचा. जाग आली की मामाजी पलंगावर असायचे, पण त्यांच्या धोतराचा काठ ओला असायचा. पाचव्या दिवशी मी विचारलं तर म्हणाले, ‘‘पाय धुतले.’’ सहाव्या दिवशी मला खोलीचं मागचं दार चार बोटं उघडं दिसलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, निदान मला तसं वाटलं. हेच काहीतरी करताहेत. मशीन हरावं आणि आपल्याला कामठ्याला जाता यावं म्हणून. इथे त्यांना करमत नाही, माझा स्वभाव असा, घरात मन रमवायला एक कूलर होता तोही मी हाकलला. राग तर आलाच, पण खरं सांगते, त्याहून जास्त वाईट वाटलं. वर्षभर आपण ज्यांच्या ताटात गरम पोळी वाढली त्यांना आपल्यापासून पळायचंय, हे काही सुखाचं नसतं.

आठव्या दिवशी मी झोपेचं सोंग घेतलं. दोनच्या सुमारास मामाजी उठले. चपला हातात घेतल्या. मागचं दार उघडलं, हवा खेळती राहावी म्हणून चार बोटं तसंच ठेवलं आणि गेले. मी मिनिटभर थांबून मागे गेले.

मागच्या बोळात ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. डोक्याला दुपट्टा बांधून मामाजी स्टुलावर चढले होते. घोडीवरचा आमचा एसी दिसतच नव्हता. त्याला चारही बाजूंनी धानाच्या पोत्यांची ओली बारदानं गुंडाळून सुतळीने आवळलेली होती, आणि मामाजी तांब्यातांब्याने वरून पाणी घालत होते. आतून डबा घुसमटल्यासारखा घरघरत होता. स्टुलाशेजारी तीन भरलेल्या बादल्या होत्या. ज्या उन्हातून वाचवायला मी हे सगळं आणलं, त्याच उन्हात, त्याच वेळेला, हा माणूस रोज उभा राहत होता.

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं लिहिण्यासारखं नाही, पण शेवट असा होता: ‘‘जायचंच असेल कामठ्याला तर सरळ जा ना मामाजी. मशीन कायले मारून राहिले?’’

मामाजींनी तांब्या बादलीत सोडला. मग खाली उतरले.

‘‘मी मारून नाही राहिलो बाई,’’ ते म्हणाले. ‘‘हात लावून पाहा. कसा तापून राहिला तो. तापला त थंडी देईल कसा? म्हनून पानी घालून राहिलो. एक बारदाना लावला, नाही झालं थंडं. मंग दोन लावले. मंग चार लावले.’’

‘‘पण तुम्हाला कशाला त्याची काळजी?’’

ते सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत बसले. ‘‘बोलून बसलो ना मी. त्याच्यानं नवतपा निघाला नाही त मले जा लागते. मले नाही जाचं कामठ्याले. तिथं दुपारी बोलाले कोनी नाही.’’

मी त्यांना आधी आत ढकललं, पन्हं प्यायला लावलं, आणि मग बोळात जाऊन ती बारदानं ओढून काढली. एकेक बारदान पाण्याने एवढं जड झालं होतं की माझी कंबर धरली. मेकॅनिकला फोन केला. तो आला, वाळत घातलेली चार बारदानं पाहिली आणि स्टुलावर बसून हसत सुटला.

‘‘चाचाजी, इसका तो मुँह ही बाँध दिया आपने. ये गरम हवा बाहर फेंकता है, तभी अंदर ठंडा होता है. अब साँस ही नहीं ले पाएगा तो क्या करेगा बेचारा?’’ संध्याकाळी मामाजींनी बारदानं वाळायला काढली की तो का ठणठणीत व्हायचा, तेही तेव्हा कळलं.

मामाजींचा चेहरा उतरला. आपण आठ दिवस एका मुक्या जनावराचं तोंड बांधून ठेवलं, असं काहीसं ते पुटपुटले. आणि मग म्हणाले, ‘‘पन आठ दिस थंडं झालं नाही हे त खरंच हाये. शब्द म्हनजे शब्द.’’

मला त्यांच्या त्या शब्दाला बारदानात गुंडाळावंसं वाटलं. पण मेकॅनिकच पुढे झाला. ‘‘आठ दिन तो आपने उसको चलने ही नहीं दिया. एक दिन बाकी है ना? कल उसको चलने दो, फिर बोलो.’’

मामाजींनी बराच विचार करून मान डोलावली. मेकॅनिक बाहेरचा माणूस, कुणाच्या बाजूचा नाही, म्हणून त्याचं चाललं असावं.

नवव्या दिवशी मी सकाळपासून देवापुढे दिवा लावून बसले नाही एवढंच. नवऱ्याने सुट्टी घेतली. मागच्या दाराला कुलूप घालून किल्ली मी पदराला बांधली. अकरा वाजता बटण दाबलं. साडेअकराला वीज गेली. आम्ही तिघे एकमेकांकडे न बघता बसलो. नवरा म्हणाला, ‘‘हे काही मशीनच्या अंगावर धरायचं नाही,’’ आणि मामाजी म्हणाले, ‘‘नाही धरत.’’ सव्वा वाजता वीज आली.

दोन वाजले. मामाजी पलंगावर ताठ बसून होते, हात मांडीवर. बादली नाही, तांब्या नाही, त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. थंड होतंय की नाही हे मला सांगता येईना, मला भीतीनेच घाम फुटला होता. विचारायची हिंमत नव्हती.

तीनच्या सुमारास ते उठले आणि दाराकडे निघाले. पेटीशी जाऊन खाली बसले. कडी वाजली. नवऱ्याने माझा हात धरला. मामाजींनी धोतरं बाजूला केली, चष्म्याचं घर बाजूला केलं आणि तळातून गोधडी ओढून काढली. ती घेऊन पलंगावर आले, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि डोक्यावरून पांघरून घेतली.

‘‘बाई,’’ आतून आवाज आला, ‘‘समोरचं दार नीट लावून घे. थंडी वाजून राहिली.’’